पाऊस पडला, निरोप पोचला नाही

आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता एक विद्यार्थी वर जातो, आतल्या बाटलीत साठलेले पाणी मोजपात्रात ओततो आणि किती मिलिमीटर पाऊस झाला ते वहीत लिहितो. साडेआठच का? तर भारतात दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा मोजतात, म्हणून. वहीतली नोंद मग संगणकात भरली जाते आणि एका संकलन केंद्राच्या संगणकाकडे निरोपाच्या रूपाने पाठवली जाते. हा निरोप तयार करणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता आणि तो उत्तम चालतो अशी माझी समजूत होती.

पावसाळा संपल्यावर एका विद्यार्थिनीने आमची वही आणि केंद्राकडची आकडेवारी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. केंद्राकडे काही दिवस नव्हतेच. "सर," ती म्हणाली, "गेलेले सगळे दिवस कमी पावसाचेच आहेत." मी म्हटले, योगायोग असेल, त्या दिवशी वीज गेली असेल. पण तिने यादी पुढे केली. मुसळधार पावसाचा एकही दिवस हरवला नव्हता. हरवले होते ते भुरभुरीचे दिवस.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला घाम फुटावा अशीच ही गोष्ट होती. का ते एका हिशेबाने पाहू. समजा, जुलैच्या ३१ दिवसांत मिळून ३७२ मिमी पाऊस झाला. दिवसाची सरासरी झाली १२ मिमी. आता यातले ७ दिवस हरवले. ते कसेही, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे हरवले असते, तर उरलेल्या २४ दिवसांची सरासरी १२ च्या आसपासच राहण्याची शक्यता होती; कधी थोडी वर, कधी थोडी खाली. पण हरवलेले सातही दिवस भुरभुरीचे असतील आणि त्यांचा एकूण पाऊस जेमतेम ३ मिमी असेल, तर उरतात २४ दिवस आणि ३६९ मिमी. सरासरी येते जवळजवळ १५.४ मिमी! पहिल्या प्रकारच्या चुकीला यादृच्छिक त्रुटी म्हणतात, दुसऱ्या प्रकारच्या चुकीला पद्धतशीर त्रुटी. पद्धतशीर त्रुटी अधिक वाचने घेऊन कमी होत नाही. दहा वर्षे आम्ही अशाच नोंदी पाठवल्या असत्या, तर आमच्या गावात पाऊस वाढला असा निष्कर्ष कोणीतरी काढला असता.

ही त्रुटी ना मोजपात्रात होती ना वहीत. ती निरोपात होती. म्हणून आज आपण संगणक संगणकाला निरोप कसा लिहितो ते पाहू.

दोन माणसे पत्र लिहितात तेव्हा थोडे इकडचे तिकडे झाले तरी अर्थ लागतो. संगणकाचे तसे नसते. '४१२ १२ दुपारी विजा' एवढेच लिहून पाठवले, तर यातला केंद्राचा क्रमांक कोणता आणि पाऊस कोणता हे त्याला कळणार नाही. प्रत्येक माहितीवर तिचे नाव लावून पाठवावे लागते, जशी आजी बरण्यांवर 'मेतकूट', 'सांडगे' अशा चिठ्ठ्या लावते. अशा नाव लावण्याची एक पद्धत म्हणजे एक्सएमएल. तिचे मूळ १९६९ मध्ये आहे. आयबीएममध्ये काम करणारे चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी यांनी कायद्याची कागदपत्रे संगणकावर सांभाळण्यासाठी जीएमएल ही पद्धत काढली. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जी, एम, एल अशीच आहेत हे गमतीने लक्षात ठेवावे. तिच्यापासून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याची सुटसुटीत आवृत्ती म्हणून फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल आले.

आमच्या एका नोंदीचा निरोप साधारण असा असतो :

<नोंद>
  <केंद्र>४१२</केंद्र>
  <दिनांक>२०२४-०७-१२</दिनांक>
  <पाऊस>१२</पाऊस>
  <शेरा>दुपारी विजा</शेरा>
</नोंद>

कोनी कंसातल्या चिठ्ठीला टॅग म्हणतात. <पाऊस> हा उघडणारा टॅग, </पाऊस> हा बंद करणारा, आणि दोहोंसह मधला मजकूर मिळून एक घटक. टॅग देवनागरीत लिहिले आहेत ते केवळ तुमच्या सोयीसाठी नव्हे. एक्सएमएलच्या नियमांत अशी नावे खरोखरच चालतात. अंक मात्र येथे छपाईसाठी देवनागरीत आहेत, यंत्राला आंतरराष्ट्रीय अंकच द्यावेत.

नियम थोडे आहेत. सर्वांत बाहेर एकच घटक हवा. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला पाहिजे. आणि आत उघडलेला आतच बंद झाला पाहिजे, डब्यात डबा बसवतो तसे. नियम मोडला तर? येथे एक्सएमएल फार कडक आहे. वेबपान दाखवणारा ब्राउझर चुकीच्या एचटीएमएलमधूनही काहीतरी अर्थ काढून पान दाखवतो. एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामने मात्र रचनेची चूक दिसताच ती कळवावी आणि पुढचे नेहमीसारखे वाचणे थांबवावे असा नियमच आहे. मला हा कडकपणा आवडतो. चुकीच्या आकड्यापेक्षा नकार बरा.

असा निरोप लिफाफ्यात घालून पाठवण्याची एक ठरलेली रीत आहे, तिचे नाव सोप. (साबणाशी संबंध नाही, मूळ इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून हा शब्द झाला.) तिची १.१ ही आवृत्ती २००० मध्ये आणि १.२ ही २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. सोपच्या निरोपात सर्वांत बाहेर 'एन्व्हलप' म्हणजे लिफाफा, त्यात हवा असल्यास 'हेडर', आणि मग 'बॉडी', ज्यात आपली नोंद. काम झाले नाही तर उत्तराच्या बॉडीत 'फॉल्ट' नावाचा घटक येतो. हल्ली पुष्कळ नव्या सेवा जेसॉन नावाची दुसरी मांडणी वापरतात, पण एक्सएमएल काही अडगळीत गेलेले नाही. टपरीवर चहाचे पैसे तुम्ही यूपीआयने देता, तेव्हा बँका आणि राष्ट्रीय देयक महामंडळ यांच्यामध्ये जे निरोप धावतात ते एक्सएमएलचेच असतात.

आता माझ्या चुकीकडे येऊ. मी निरोप असा तयार करत होतो :

निरोप = "<शेरा>" + शेरा + "</शेरा>"

म्हणजे अक्षरांचे तीन तुकडे एकापुढे एक चिकटवले, झाले. शेऱ्यात 'दुपारी विजा' असेल तर काहीच बिघडत नाही. पण भुरभुरीच्या दिवशी मोजपात्राच्या पहिल्या रेघेपर्यंतही पाणी येत नसे आणि आमची शिस्तीची मुले शेऱ्यात लिहीत : 'भुरभुर, पाऊस < १ मिमी'. गणितात बरोबर, शास्त्रात बरोबर! पण तयार झालेला निरोप असा :

<शेरा>भुरभुर, पाऊस < १ मिमी</शेरा>

वाचणाऱ्या संगणकाला '<' दिसले की तो समजतो, येथून टॅग सुरू झाला. पुढे नाव असायला हवे, तर तेथे मोकळी जागा. रचनेची चूक! त्याने वाचन थांबवले आणि उत्तरात फॉल्ट पाठवला. ते उत्तर वाचायचे काम माझ्या प्रोग्रामला मी सांगितलेच नव्हते. पत्र परत आले होते, मी पेटी उघडली नव्हती. आणि '<' हे चिन्ह शेऱ्यात कमी पावसाच्याच दिवशी येणार, म्हणून कमी पावसाचेच दिवस हरवले.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा की मुलांना सांगावे, शेऱ्यात '<' लिहू नका. हा उपाय मला मान्य नाही. यंत्राच्या सोयीसाठी माणसाने खरी गोष्ट लिहायची सोडावी, हे उलटे झाले.

दुसरा उपाय म्हणजे अशा चिन्हांना वेश बदलून पाठवणे. एक्सएमएलमध्ये '<' च्या जागी &#६०; आणि '&' च्या जागी &#३८; असे लिहिता येते. ६० आणि ३८ हे त्या चिन्हांचे युनिकोडमधले क्रमांक होत. वाचणारा संगणक त्यांचे पुन्हा मूळ चिन्ह करून घेतो. ('<' साठी क्रमांकाऐवजी एल आणि टी ही दोन रोमन अक्षरेही वापरतात, नेहमी पाहायला मिळते ते तेच रूप.) पण हे स्वतः करायला गेलात तर क्रम सांभाळावा लागतो. आधी '<' बदलून &#६०; केले आणि नंतर सगळे '&' बदलले, तर आत्ताच आलेले '&' सुद्धा बदलले जाते आणि &#३८;#६०; असे होऊन बसते. समोरच्याला मग '<' ऐवजी '&#६०;' ही पाच अक्षरे शेरा म्हणून मिळतात. म्हणून '&' आधी, '<' नंतर. आणि हे सर्व प्रत्येक घटकासाठी, प्रत्येक वेळी, न विसरता. माणूस कुठेतरी विसरतोच.

विसरला तर काय होऊ शकते याचे याहून वाईट उदाहरण पाहा. कोणी खोडकर मुलाने शेऱ्याच्या रकान्यात हे लिहिले :

भुरभुर</शेरा><पाऊस>२००</पाऊस><शेरा>

हे चिकटवून झालेला निरोप रचनेच्या दृष्टीने निर्दोष असतो! प्रत्येक टॅग उघडतो आणि बंद होतो. फक्त त्यात आता पाऊस दोनदा आहे, आणि काटेकोर तपासणी नसेल तर केंद्राचा संगणक त्यातला कोणता घेईल हे त्याच्या प्रोग्रामवर अवलंबून. आमचा तुटलेला निरोप निदान नाकारला तरी गेला. हा स्वीकारला जाईल आणि भुरभुरीच्या दिवशी २०० मिमी पाऊस पडेल. 'पाऊस' च्या जागी 'रक्कम' हा शब्द ठेवा, म्हणजे पैशांचे निरोप लिहिणारे लोक याला इतके का घाबरतात ते कळेल.

खरा उपाय वेगळाच आहे. निरोपाकडे अक्षरांची माळ म्हणून पाहायचेच नाही. ते एक झाड आहे. 'नोंद' हे खोड, त्याला 'केंद्र', 'दिनांक', 'पाऊस', 'शेरा' या चार फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर तिचा मजकूर. प्रोग्राममध्ये आपण हे झाड उभे करायचे. ते कागदावर उतरवण्याचे, म्हणजे कोनी कंस घालून ओळीत लिहून काढण्याचे काम त्यासाठीच बनवलेल्या तयार भागावर सोपवायचे. पायथॉन भाषेत असा भाग आयताच मिळतो, त्याचे नाव एलिमेंटट्री. त्यातल्या क्रियांची नावे रोमन लिपीत आहेत. येथे उच्चाराप्रमाणे लिहितो :

नोंद = एलिमेंट("नोंद")
शेरा = सबएलिमेंट(नोंद, "शेरा")
शेरा.टेक्स्ट = "भुरभुर, पाऊस < १ मिमी"
निरोप = टूस्ट्रिंग(नोंद, "यूटीएफ-८")

पहिल्या ओळीत खोड, दुसऱ्या ओळीत फांदी, तिसऱ्या ओळीत मजकूर. मजकुरात काय वाटेल ते असू द्या, तो मजकूरच राहतो. चौथ्या ओळीत झाड लिहून काढताना '<' चा वेश आपोआप बदलतो. त्या खोडकर मुलाचा शेराही जसाच्या तसा, कोनी कंसांसह, शेरा म्हणूनच पोचतो. नवी फांदी फुटत नाही. एक पथ्य मात्र आहे : झाड वापरायचे तर आपण स्वतः वेश बदलायचा नाही, नाहीतर तो दोनदा बदलतो.

चौथ्या ओळीतले 'यूटीएफ-८' विसरू नका. ते दिले नाही, तर एलिमेंटट्री सर्व देवनागरी अक्षरे क्रमांकांनी लिहिते; 'प' च्या जागी &#२३४६; येते. मजकुरात तसे आले तरी बिघडत नाही, वाचणारा ते बरोबर वाचतो. पण टॅगच्या नावात असे क्रमांक चालत नाहीत, आणि आपली नावे तर देवनागरी आहेत. निरोप मग वाचताच येत नाही.

आता दुरुस्तीचे पाहू, कारण तयार करण्यापेक्षा दुरुस्तीत अधिक घोळ होतात. वरच्या निरोपात पाऊस १२ लिहिला आहे, पण वहीत २१ आहे असे दिसले. भरताना अंक उलटले. काय कराल? बहुतेक जण म्हणतील, '१२ शोधा आणि त्याजागी २१ घाला'. करून पाहा. पाऊस २१ झाला, छान. पण दिनांक २०२४-०७-१२ चा २०२४-०७-२१ झाला, आणि केंद्र ४१२ चे ४२१ झाले! रचना निर्दोष, दिनांक खरा, केंद्रही कदाचित कुठेतरी असेल. आमचा पाऊस दुसऱ्याच गावाच्या खाती, दुसऱ्याच तारखेला जमा. कोणतीही तपासणी याला पकडणार नाही.

झाडावर हीच दुरुस्ती अशी होते. आलेली अक्षरे वाचून त्यांचे झाड करा, 'पाऊस' नावाची फांदी शोधा, तिचा मजकूर बदला, झाड पुन्हा लिहून काढा. बाकीच्या फांद्यांना हात लागत नाही.

येथे नवशिक्या माणसाला हमखास अडवणारी एक गोष्ट आहे. खऱ्या सोप निरोपात तो 'पाऊस' ही फांदी शोधतो आणि संगणक म्हणतो, अशी फांदी नाही. डोळ्यांना तर ती समोर दिसत असते! कारण असे की तेथे टॅगचे पूर्ण नाव दोन भागांचे असते. दहावी अ मध्ये एक पाटील आणि दहावी ब मध्ये एक पाटील असला, तर नुसते 'पाटील' म्हणून चालत नाही, वर्गही सांगावा लागतो. एक्सएमएलमध्ये या 'वर्गा'ला नेमस्पेस म्हणतात, आपण नामक्षेत्र म्हणू. लिफाफ्याचे टॅग सोपच्या नामक्षेत्रातले, नोंदीचे टॅग केंद्राने ठरवलेल्या नामक्षेत्रातले. शोधताना नामक्षेत्रासह नाव द्या, फांदी लगेच सापडते. झाड पुन्हा लिहून काढताना एलिमेंटट्री कधी कधी नामक्षेत्राचे लघुनाव बदलून टाकते. त्याने घाबरू नये. लघुनाव हे टोपणनाव आहे. पूर्ण नाव तेच असेल तर झाड तेच.

अपवाद एकच, पण महत्त्वाचा. निरोपावर अंकीय सही केलेली असेल, तर सही झाल्यावर त्यातला सही केलेला मजकूर बदलता येत नाही. १२ चे २१ केले की सही जुळत नाही, आणि जुळू नये हाच तर सहीचा उद्देश. पैशांच्या निरोपांवर अशा सह्या असतात. म्हणून दुरुस्ती आधी, सही शेवटी. नुसती टॅगमधल्या गुणधर्मांची मांडणी किंवा अवतरणचिन्हांचा प्रकार बदलला तर सही मोडू नये, यासाठी सहीपूर्वी निरोप एका ठरलेल्या प्रमाणरूपात आणतात. पण तो विषय मोठा आहे.

शून्याबद्दल एक सांगायचे राहिले. पाऊस पडला नाही तर <पाऊस>०</पाऊस> असे लिहावे. विद्यार्थी गेलाच नाही, मोजमाप झालेच नाही, तर? तेव्हा ० लिहिणे म्हणजे खोटी नोंद. 'पाऊस' हा घटक वगळायचा की रिकामा ठेवून 'मूल्य नाही' असे सांगायचे, हे समोरच्या सेवेच्या वर्णनपत्रात दिलेले असते. ते आधी वाचावे. माझ्या जुन्या प्रोग्राममध्ये रकाना रिकामा राहिला की ० जात असे. हे मला त्या विद्यार्थिनीने दाखवले नाही, दुरुस्ती करताना माझे मलाच दिसले, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा घाम फुटला. वही होती म्हणून सगळे निरोप पुन्हा तयार करून पाठवता आले. आता प्रत्येक उत्तर वाचले जाते आणि फॉल्ट आला तर त्या दिवसाच्या नोंदीपुढे वहीत लाल फुली पडते.

करून पाहा : शाळेतल्या संगणकावर पायथॉन असेल तर पुढील शेरे एकेक करून झाडात घाला, झाड लिहून काढा, ती अक्षरे वाचून पुन्हा झाड करा, आणि परत आलेला शेरा मूळ शेऱ्याशी अक्षरशः जुळतो का ते तपासा.

(१) पाऊस < १ मिमी
(२) पाटील & सन्स यांच्या गोदामात पाणी
(३) </शेरा><पाऊस>२००</पाऊस><शेरा>
(४) &#६०; (येथे आंतरराष्ट्रीय अंक वापरा)
(५) रिकामा शेरा

हेच पाच शेरे माझ्या जुन्या पद्धतीने, तुकडे चिकटवून पाठवा आणि काय होते ते लिहून ठेवा. चौथ्याकडे नीट लक्ष द्या. तेथे निरोप मोडत नाही, तरी शेरा बदलतो. पाचव्यात झाडाच्या पद्धतीनेही 'रिकामा मजकूर' आणि 'मजकूर नाही' यांतला फरक हरवतो. आणि शिक्षकांसाठी सहावा : शेऱ्यात युनिकोड क्रमांक ११ चे, डोळ्यांना न दिसणारे नियंत्रण-अक्षर घाला. एक्सएमएल १.० मध्ये हे अक्षर वेश बदलूनही चालत नाही. एलिमेंटट्री ते मुकाट्याने लिहून देते, आणि वाचताना तोच निरोप मोडतो. ते आधी कसे पकडावे, यावर वर्गात एक तास सहज जाईल.